पात्राची खतावणी, मोहिमेची कीर्द : भूमिकाखेळांच्या संगणकीय साधनांची चिकित्सा

प्रस्तावना :

टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेला एक स्वतंत्र खेळप्रकार होय. त्यात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र धारण करतो, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग मांडतो, आणि पात्राने योजलेली कृती साधली की फसली याचा निर्णय फासे, नियम व सूत्रधाराचा विवेक या तिहींच्या मेळातून होतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. एकच कथा अनेक बैठकांतून, कधी कधी वर्षानुवर्षे, पुढे चालते. तिला 'मोहीम' म्हणतात. पात्राचे गुण, शस्त्रे, जखमा व धन यांची नोंद ज्या कागदावर असते त्यास प्रस्तुत लेखात 'पात्रपत्रक' म्हटले आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत हे पात्रपत्रक कागदावरून घरच्या संगणकावर आणि तेथून दूरच्या सर्व्हरवर गेले. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा सोयीच्या अंगाने होते. बेरीज लवकर होते, पत्रक हरवत नाही, दूरचा मित्रही खेळात बसू शकतो, असे सांगितले जाते. ही विधाने असत्य नाहीत. परंतु नोंद ही केवळ सोय नसते. काय टिकावे, ते कोणाच्या हाती राहावे आणि कोणत्या भाषेत राहावे, याचा निर्णय नोंदीच्या रचनेतच दडलेला असतो.

हा खेळ खानदेशच्या मातीतला नाही. तथापि सोंग घेणे आणि नोंद राखणे या दोन्ही गोष्टी येथे नवख्या नाहीत. तमाशातील वग व वहीगायन यांची परंपरा, जळगावच्या बाजारपेठेतील चोपड्या, असोद्याच्या बहिणाबाईंची मौखिक कविता आणि धुळ्यातील हस्तलिखितांचे संग्रह यांनी या दोहोंविषयी जे शहाणपण दिले, त्याच्या आधारे या साधनांची पारख करता येते. तीच येथे योजिली आहे.

उद्दिष्टे :

१) भूमिकाखेळांतील पात्र व मोहीम सांभाळणाऱ्या प्रमुख संगणकीय साधनांचा विकास थोडक्यात पाहणे.
२) ही साधने कोणत्या प्रकारची नोंद राखतात व कोणती गाळतात, हे तपासणे.
३) नोंदीची मालकी, सूत्रधाराचा निवाडा आणि भाषा या तीन अंगांनी त्यांचे मूल्यमापन करणे.

विवेचनाचा निकष : कीर्द आणि खतावणी

जळगावच्या दाणाबाजारातील वा सराफबाजारातील जुन्या पद्धतीच्या हिशेबात दोन वह्या मुख्य असत. रोजकीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने, त्या दिवशी लिहिला जाई. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडला जाई. खतावणीवरून आजची बाकी कळते, तर ती बाकी का आहे, हे कीर्द सांगते. खतावणी हरवली तर कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. कीर्द हरवली तर मात्र खतावणीतील आकडा खरा की खोटा, हे पडताळण्याचे साधन उरत नाही.

भूमिकाखेळातही या दोन नोंदी असतात. पात्रपत्रक ही पात्राची खतावणी होय, आणि मोहिमेत बैठकीगणिक काय घडले याचा वृत्तांत ही तिची कीर्द होय. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात मोहिमेतील काळाची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह धरला होता, तो कीर्दीचाच आग्रह होता. आजची साधने खतावणी उत्तम राखतात व कीर्दीकडे दुर्लक्ष करतात, आणि ती खतावणीही पुष्कळदा दुसऱ्याच्या पेढीवर ठेवतात, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

साधनांचा विकास :

'डंजन्स'ची तिसरी आवृत्ती २००० मध्ये निघाली. त्याच सुमारास विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने नियमांचा गाभा एका मुक्त परवान्याखाली इतरांस वापरावयास दिला. या परवान्याच्या आश्रयाने 'पीसीजेन' ही मुक्तस्रोत आज्ञावली वाढली. तिचे वैशिष्ट्य असे की, नियमांची माहिती आज्ञावलीच्या पोटात गाडलेली नसून साध्या मजकुराच्या फाइलींत वेगळी ठेवलेली आहे. ज्यास प्रोग्रॅमिंग येत नाही असा खेळाडूही त्या फाइलीत नवे शस्त्र वा नवी जात लिहू शकतो. परवान्यात न येणारी माहिती मात्र तिला काढून टाकावी लागली, आणि नोंदीच्या साधनावर मालकी हक्काची छाया पहिल्यापासून कशी होती, ते त्यावरून दिसते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीसोबत प्रकाशकानेच वर्गणीवर चालणारी 'डी अँड डी इनसायडर' ही सेवा आणली. २०१२ मध्ये 'रोल ट्वेंटी' हा ब्राउझरवर चालणारा आभासी पट सुरू झाला. २०१७ मध्ये 'डी अँड डी बियाँड' आले. पुढे ते हस्तांतरित होत गेले आणि २०२२ मध्ये विझर्ड्सची पालक कंपनी हॅस्ब्रो हिने ते १४ कोटी ६३ लक्ष डॉलरांस विकत घेतले. २०२० मध्ये 'फाउंड्री' हा दुसऱ्या धाटणीचा आभासी पट बाजारात आला. त्याचा परवाना एकदाच विकत घ्यावा लागतो, तो केवळ सूत्रधाराजवळ असला तरी चालते, आणि मोहिमेची सर्व सामग्री सूत्रधाराच्या स्वतःच्या संगणकावर राहू शकते.

हिशेबाचे श्रेय :

प्रथम या साधनांचे जे श्रेय आहे ते मोकळेपणाने दिले पाहिजे. पाचव्या आवृत्तीतील एका योद्ध्याचे उदाहरण घेऊ. त्याची शक्ती १६ आहे, म्हणजे शक्तीची भर ३. पहिल्या पातळीवर प्रावीण्याची भर २. तेव्हा तलवारीच्या वाराच्या फाशात एकूण ५ मिळवावयाचे. पुढे एखाद्या जादुई वस्तूमुळे शक्ती १८ झाली तर शक्तीची भर ४ होते. मग वाराचा आकडा बदलतो, इजेचा बदलतो, कसरतीच्या कौशल्याचा बदलतो आणि वाहून नेण्याचे वजन २४० पौंडांवरून २७० पौंडांवर जाते. एक आकडा हलला की चार ठिकाणी खाडाखोड करावी लागते. नवख्या खेळाडूचा अर्धा उत्साह या खाडाखोडीतच संपतो.

हे काम यंत्राने करावे यात कोणतीही हानी नाही. शिक्षण वा नोकरीनिमित्त जळगाव-धुळ्याहून पुणे-मुंबईस पांगलेल्या मित्रांना एका पटावर आणण्याचे सामर्थ्यही आभासी पटातच आहे. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक मोहिमांना दुसरा मार्गच उरला नव्हता. म्हणून साधने हवीत की नकोत, हा प्रश्न गैरलागू आहे. कोणते काम त्यांच्याकडे सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हा खरा प्रश्न आहे.

कीर्दीचा लोप :

संगणकीय पात्रपत्रक सामान्यतः आजची स्थिती दाखविते. जखम भरली की आकडा पूर्ववत होतो, धन खर्चले की रक्कम घटते, आणि कालचा आकडा निघून जातो. कागदावरही खोडले जाते, हे खरे. परंतु कागदावर खोडरबराचा डाग राहतो, समासात लिहिलेले एखादे नाव राहते. मोहीम संपल्यावर जुने पत्रक हाती घेणारा खेळाडू आकड्यांपेक्षा त्या डागांतून कथा आठवतो. पडद्यावरील पत्रक नेहमी नवेकोरे असते. त्यास आयुष्य असते, इतिहास नसतो.

मोहिमेचा वृत्तांत राखण्यासाठी 'ऑब्सिडियन पोर्टल'सारखी वेगळी साधने निघाली, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. गावे, राजे व घटना यांची परस्परांशी जोडलेली पाने त्यांत लिहिता येतात आणि काही मजकूर केवळ सूत्रधारास दिसेल अशी सोयही असते. परंतु या पानांची घडण कोशासारखी आहे. एखाद्या राजाचे पान सुधारले की त्याच्याविषयी पात्रांची पूर्वी जी समजूत होती ती त्या पानाखाली गाडली जाते. मोहिमेचा रस मात्र पुष्कळदा त्या चुकीच्या समजुतीतच असतो. ज्यास मित्र मानले तो शत्रू निघाला, हे कळण्यास आधी मित्र मानल्याची नोंद टिकावी लागते.

धुळ्याच्या अभ्यासकास हा भेद नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाले, आणि त्यांच्या कार्याचा वारसा सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी अस्सल पत्रे छापली आणि त्यांवरील आपले विवेचन प्रस्तावनांतून स्वतंत्रपणे मांडले. पत्र पत्राच्या जागी व अर्थ अर्थाच्या जागी राहिल्यामुळेच पुढील अभ्यासकांना राजवाड्यांशी मतभेद व्यक्त करता आला. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या धुळ्यातील समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखितांचे मोलही हेच आहे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती तेथे पाठभेदांसह जतन होतात. नवी प्रत मिळाली म्हणून जुनी कोणी फेकून देत नाही. मोहिमेचे साधन नेमके हेच करते, ही त्याच्या रचनेतील मोठी उणीव होय.

वही कोणाच्या पेढीवर?

खतावणी उत्तम असली तरी ती कोठे ठेवली आहे, हा प्रश्न उरतोच. 'डी अँड डी इनसायडर'ची पात्ररचनेची आज्ञावली प्रारंभी घरच्या संगणकावर उतरवून घेता येत असे. नोव्हेंबर २०१० मध्ये तिच्या जागी केवळ इंटरनेटवरून चालणारी, मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट तंत्रावर बेतलेली आज्ञावली आली. सिल्व्हरलाइट कालबाह्य होत गेले, आणि १ जानेवारी २०२० रोजी ती सेवा बंद झाली. खेळ बंद पडला नव्हता, चौथ्या आवृत्तीची पुस्तके खेळाडूंच्या कपाटात सुरक्षित होती, परंतु त्या सेवेत घडविलेली पात्रे ज्या घरात राहत होती ते घरच पाडले गेले.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२४ चा आहे. नवी नियमपुस्तके येऊ घातली असता 'डी अँड डी बियाँड'ने घोषित केले की, पात्रपत्रकांतील २०१४ च्या जादू व जादुई वस्तू यांच्या जागी २०२४ ची रूपे येतील. म्हणजे एखाद्या मंडळीने जुन्याच नियमांनी मोहीम चालवावयाचे ठरविले तरी त्यांच्या पत्रकावरील मंत्राचा अर्थ रातोरात बदलणार होता. खेळाडूंनी तीव्र विरोध केला आणि अल्पावधीतच तो निर्णय मागे घेण्यात आला. विरोध यशस्वी झाला, हे समाधानाचे आहे. परंतु ज्या वहीतील मजकूर मालकास न विचारता पालटता येतो आणि तो पालटू नये म्हणून मालकास गाऱ्हाणे घेऊन जावे लागते, ती वही कोणाची, हा प्रश्न त्या यशाने सुटत नाही.

मराठी वाचकास या अनुभवाचे एक जवळचे रूप ठाऊक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फाँटांत टंकलिखित होई. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की संपूर्ण लेखाचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होई. मजकूर होता, वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस होती. या निकषावर पीसीजेनच्या साध्या फाइली व फाउंड्रीची घरी राहणारी सामग्री वरच्या पंक्तीस बसतात. अर्थात पीसीजेनची मांडणी क्लिष्ट आहे, आणि फाउंड्री घरून चालविण्यास सूत्रधाराला थोडेफार तांत्रिक ज्ञान लागते. तिची नवी आवृत्ती आली की जुनी पूरक उपकरणे कधी कधी अडून बसतात. स्वायत्ततेची ही किंमत आहे, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

निवाड्याचा प्रश्न :

वगाचे कथानक ठरलेले असते. राजा कोण, प्रधान कोण, शेवट काय, हे फडातील प्रत्येकास ठाऊक असते. परंतु पारंपरिक वगातील संवाद बव्हंशी हजरजबाबीवर चालत. सोंगाड्या त्या गावातील, त्या दिवशीची गोष्ट कथेत ओढून आणतो, आणि समोरच्या नटास ती तेथल्या तेथे झेलावी लागते. खानदेशातील यात्राजत्रांतून तमाशाचे फड पिढ्यानपिढ्या रंगत आले ते या झेलण्याच्या बळावर.

भूमिकाखेळाचा प्राणही येथेच आहे. समजा, मोहीम तापीकाठी घडते आहे. पूर आला आहे, नाव नाही. एक खेळाडू म्हणतो, माझे पात्र केळीचे खुंट बांधून तराफा करील. नियमपुस्तकात केळीच्या तराफ्याचे कलम नाही. सूत्रधार क्षणभर विचार करून सांगतो की, फाशावर चपळतेची भर धरून १५ वा अधिक पडल्यास तराफा तरेल. हा निवाडा झाला. पुढच्या वेळी दुसऱ्याने तोच उपाय योजला तर हाच निवाडा दाखला म्हणून पुढे येतो. अशा दाखल्यांतून त्या मंडळीचा स्वतःचा नियमग्रंथ घडत जातो. यास 'घरचे नियम' म्हणतात.

पात्र सांभाळणाऱ्या साधनांत या निवाड्यास सहसा जागा नसते. नवी वस्तू वा नवा मंत्र नोंदविण्याची सोय असते, परंतु ती साधनाने आखलेल्या कप्प्यांतच. तराफा ही वस्तूही नाही आणि मंत्रही नाही, तो एका क्षणी दिलेला न्याय आहे. परिणामी दोन गोष्टी संभवतात. एक तर निवाडा विस्मृतीत जातो. दुसरे, व ते अधिक गंभीर आहे, खेळाडू पडद्यावर ज्या कृतींची बटणे दिसतात तेवढ्याच कृती योजू लागतो. यंत्राने मनाई केलेली नसते, केवळ सुचविलेले नसते. पण कल्पनेच्या खेळात न सुचणे हीच मनाई ठरते.

भाषेचे अंग :

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता सोपानदेवांसारख्या आप्तांनी टिपून ठेवली, आणि १९५१ मध्ये त्यांच्या निधनानंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रकाशात आली. जे टिपले गेले ते उरले. आज त्यांचे नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास लाभले आहे. टिपणाऱ्यांनी त्यांची बोली पुस्तकी मराठीत 'सुधारून' घेतली असती तर कविता उरली असती, बहिणाबाई उरल्या नसत्या.

पात्रपत्रकासही हा न्याय लागू पडतो. युनिकोडमुळे पात्राचे नाव देवनागरीत लिहिता येते, परंतु कप्प्यांची नावे, नियमांचा मजकूर, शोध व यादी इंग्रजीत राहतात. अहिराणी बोलणाऱ्या पात्राची ओळख त्याच्या बोलण्याच्या धाटणीत असते, आणि त्या धाटणीस पत्रकावर कप्पा नाही. २०१४ च्या पत्रकात स्वभाव, आदर्श, बंध व दोष असे चार कप्पे होते, ते स्तुत्य होते. परंतु पात्र काय मानते हे त्यांत लिहिता येई, ते कसे बोलते हे नव्हे.

भाषांतर म्हणजे केवळ शब्द बदलणे नव्हे, हे येथे विशेष जाणवते. 'करिझ्मा' या गुणास मराठीत काय म्हणावे? 'छाप' म्हटले तर ते दिसण्या-वागण्याकडे झुकते, 'वजन' म्हटले तर गावातील प्रतिष्ठेकडे, 'मोहिनी' म्हटले तर जादूकडे. तीन शब्दांतून तीन निराळी पात्रे जन्मतात. म्हणूनच हे काम यांत्रिक भाषांतराकडे सोपविण्याजोगे नाही.

त्यास आता कायद्याची आडकाठीही उरलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुक्त परवाना बदलण्याचा प्रकाशकाचा बेत उघड झाल्यावर मोठा क्षोभ उसळला. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रकाशकाने तो बेत सोडून पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. मूळ कर्त्याचा निर्देश करून त्याचे भाषांतर कोणासही करता व प्रसिद्ध करता येते. त्याच वर्षी फ्रेंच, जर्मन, इटालियन व स्पॅनिश या भाषांत तो प्रकाशकाकडून उपलब्ध झाला. त्या यादीत मराठी नाही. प्रकाशकाने ती घालावी म्हणून वाट पाहण्याचे कारणही नाही.

एक आक्षेप :

यावर असा आक्षेप संभवतो की, खेळ हा खेळ आहे, त्याच्या नोंदींना पत्रे व पोथ्यांचे मोल कशास द्यावे? आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. एका मित्रमंडळीची मोहीम हे मराठ्यांच्या इतिहासाचे साधन नव्हे. परंतु मोल ठरविणारा पुढच्या काळातील वाचक असतो, लिहिणारा नव्हे. घरातील स्त्री जात्यावर काय गाते हेही एकेकाळी नोंदण्याजोगे मानले जात नव्हते. शिवाय मोहिमेची कीर्द ही तरुणांनी एकत्र बसून रचलेली मौखिक कथा असते. मराठीत वा अहिराणीत अशी कथा रचली जात असेल तर ती भाषेच्या अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय निश्चितच आहे.

निष्कर्ष :

१) पात्र सांभाळणारी संगणकीय साधने हिशेबाच्या कामी उपकारक आहेत, आणि ते काम त्यांच्याकडे सोपविणे इष्ट आहे.

२) ही साधने आजची बाकी राखतात, ती कशी झाली हे राखत नाहीत. म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्यातील एकास चिटणीस नेमून बैठकीची कीर्द साध्या वहीत वा साध्या मजकुराच्या फाइलीत स्वतंत्र ठेवावी. तीत दिनांक, हजर पात्रे, घटना व सूत्रधाराचे निवाडे असावेत. मागील नोंद सुधारावयाची असल्यास ती न खोडता खाली नवी नोंद करावी.

३) वर्गणीवर चालणाऱ्या सेवेत पात्र ठेवणाऱ्याने टप्प्याटप्प्याने त्याची प्रत आपल्याजवळ उतरवून घ्यावी. २०२० व २०२४ च्या घटनांनी ही सावधगिरी अनाठायी नसल्याचे दाखविले आहे.

४) साधन निवडताना सुबक मांडणीपेक्षा नोंद आपल्या हाती राहते का व तिच्यात आपले नियम लिहिता येतात का, यास अधिक महत्त्व द्यावे.

५) खुल्या झालेल्या नियमगाभ्याची मराठी व अहिराणी परिभाषा सिद्ध करणे हे जळगाव-धुळे परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी व संगणकशास्त्र विभागांना मिळून करता येण्याजोगे काम आहे. शब्दांची निवड मराठी विभागाने करावी, त्या साध्या फाइलींत बसविण्याचे काम संगणकशास्त्र विभागाने करावे.

सारांश, बेरीज यंत्राची असावी, निवाडा सूत्रधाराचा असावा, आणि वही खेळणाऱ्यांच्या घरी असावी.